अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये मंद भाजताना: कुठे बिघडतं आणि क्रम काय ठेवायचा

घरच्या ओव्हनमध्ये अख्खी मसाला कोंबडी भाजणाऱ्यांच्या तक्रारी तीनच असतात. छाती कोरडी पडली, मांडीच्या सांध्यापाशी कच्ची राहिली, कातडी रबरासारखी झाली. कित्येकदा तिन्ही एकाच कोंबडीत. मग ओव्हनला दोष दिला जातो. खरं तर निम्म्याहून जास्त बिघाड कोंबडी ओव्हनमध्ये जायच्या आधीच झालेला असतो, कारण आपला हात तंदुरीला सरावलेला आहे: कातडी काढलेली कोंबडी, दह्याचं मॅरिनेशन, वर कडक आच. मंद भाजणीत या तिन्ही गोष्टी उलट्या करायच्या असतात. कातडी हवी, पृष्ठभाग कोरडा हवा आणि आच १५० अंश सेल्सिअसच्या आसपास हवी.

खालची मापं साफ केलेल्या १.२ किलोच्या कोंबडीची आहेत. चार माणसांना पोटभर होते. रविवारी दुपारी एकला जेवायचं असेल तर काम शनिवारी संध्याकाळी सुरू होतं. रविवारी सकाळी कोंबडी आणून त्याच दुपारी भाजायचा बेत असेल तर सरळ रस्सा करा, तो चांगला होईल.

१. दुकानात काय सांगायचं

मुंबईतल्या चिकनच्या दुकानात पिसं उपटत बसत नाहीत, कातडीसकट सोलून काढतात. ते झटपट होतं आणि गिऱ्हाइकालाही तसंच हवं असतं. तुम्ही नुसतं 'अख्खी द्या' म्हणालात तर सोललेली अख्खी कोंबडीच हातात पडणार. म्हणून कोंबडी वजनकाट्यावर असतानाच सांगायचं: 'स्किनसकट, पिसं काढून, तुकडे नकोत.' गरम पाण्यात बुडवून पिसं काढायला वेळ लागतो. रविवारी सकाळच्या गर्दीत हे कोणी करून देणार नाही. शनिवारी दुपारी चार-पाचला जा किंवा आदल्या दिवशी सांगून ठेवा. जिवंत कोंबडी पावणेदोन किलोच्या आसपास असेल तर साफ होऊन साधारण सव्वा किलो भरते.

दुकानदार तयार नसेल तर कोल्ड स्टोरेजमध्ये, म्हणजे गोठवलेलं मांस विकणाऱ्या दुकानात, कातडीसकट अख्खी कोंबडी मिळते. ती गोठलेली असेल तर फ्रिजमध्येच, खालच्या कप्प्यात, पूर्ण २४ तास ठेवून सुटी होऊ द्या. ओट्यावर ठेवली तर वरचं मांस कोमट होतं आणि आतला गोळा बर्फच राहतो. पाकिटावर घटक वाचा. मिठाच्या पाण्यात मुरवलेली असेल तर पुढे सांगितलेलं मीठ निम्मं करा.

गावठी कोंबडी या कामाला घेऊ नका. तिची चव मोठी, पण तिला रश्श्यात रटरटायला लागतं. कोरड्या आचेत ती चामड्यासारखी होते.

आणखी एक, नुकती कापलेली कोंबडी लगेच भाजली तर मांस चिवट लागतं. स्नायू आखडतात, ते सैल पडायला काही तास जावे लागतात. आदल्या दिवशी आणण्याचं हेही एक कारण आहे.

> तपासा: घरी आल्यावर कातडी बघा. छातीवर मोठी फाट असेल तर तिथून रस जाणार. बारीक फाट लाकडी टूथपिकने टाचून घेता येते. पोटातून कलेजी-पेटा आणि मान काढली आहे ना, हात घालून खात्री करा.

२. आदल्या रात्री: पुसणं आणि मीठ

नळाखाली कोंबडी धुऊ नका. आपल्या घरांतून हे पटत नाही, मला ठाऊक आहे. पण धुण्याने जंतू मरत नाहीत, ते आचेने मरतात. नळाच्या धारेने ते सिंकमध्ये, ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. रक्ताचे डाग, उरलेलं पीस वगैरे ओल्या टिश्यूने काढा आणि अगदीच राहवलं नाही तर पातेल्यात थोडं पाणी घेऊन, न उडवता, खळबळून काढा. त्यानंतर मात्र कोरडं पुसणं आलंच. बाहेरून, पोटातून, पंखांच्या खाली, मांडी आणि छातीच्या मधल्या खाचेत. टिश्यू ओला होणं थांबेपर्यंत पुसायचं. चार-पाच टिश्यू सहज लागतात.

आता मीठ. वजनाच्या दीड टक्का, म्हणजे १.२ किलोला १८ ग्रॅम, साधारण तीन सपाट चहाचे चमचे. एक चमचा पोटात, दीड चमचा छाती आणि मांड्यांवर, उरलेलं पाठीवर. पहिल्या तासात मिठाने पाणी सुटेल, कोंबडी ओली दिसेल. घाबरून पुसू नका. तेच खारं पाणी रात्रभरात परत आत शोषलं जातं आणि मांस भाजताना रस धरून ठेवतं. मसाला काही केल्या मांसात दोन-चार मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. हाडापर्यंत पोचतं ते मीठ, आणि त्याला रात्र लागते.

मीठ लावलेली कोंबडी जाळीवर, खाली ताट ठेवून, फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, न झाकता. मुंबईच्या दमटपणात कातडी बाहेर सुकत नाही, पंख्याखाली ठेवून तर कोंबडी फक्त खराब होते. फ्रिजची हवा कोरडी असते. उघडी ठेवायला घरातल्यांची हरकत असेल तर दुधावर ठेवतो ती बारीक जाळी उपडी घाला, हवा खेळत राहते. प्लास्टिक किंवा फॉइलने मात्र झाकू नका.

> तपासा: सकाळी छातीवर बोट फिरवा. कातडी पार्चमेंट कागदासारखी कोरडी, किंचित अर्धपारदर्शक आणि ताठ लागली पाहिजे. चिकट किंवा ओली लागली तर टिश्यूने टिपून आणखी दोन तास ठेवा.

३. कातडीखालचं वाटण

ओला मसाला कातडीवर नको. तो वाफ धरतो, कातडी शिजते पण भाजली जात नाही. लसूण उघड्यावर राहिली तर शेवटच्या कडक आचेत करपून कडू होते. म्हणून ओलं ते सगळं कातडीखाली.

वाटणाला: ८-१० लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट, अर्धा चमचा मिरी, एका लिंबाची किसलेली साल. पाणी न घालता खलबत्त्यात कुटा. मिक्सरला पाण्याशिवाय फिरत नाही, मग आपण पाणी घालतो आणि सगळं पातळ होतं. कुटलेल्या वाटणात दोन मोठे चमचे थिजलेलं तूप कालवा. मीठ घालू नका, ते काल झालं.

मानेच्या बाजूने छातीवरच्या कातडीखाली दोन बोटं सरकवा. नखं कापलेली हवीत. मध्ये एक पातळ पडदा लागतो, तो बोटांनी हळूहळू सोडवत मांडीपर्यंत जा. घाई केली की इथेच कातडी फाटते. मग वाटणाचे छोटे गोळे आत ठेवून वरून तळव्याने चेपत पसरवा. मांड्यांना जास्त, छातीला पातळ थर.

दही का नाही? दह्यातलं आणि दह्यासोबत येणारं पाणी कातडी ओली करतं, आणि रात्रभर आंबटात राहिलेलं वरचं मांस भुसभुशीत होतं. कच्ची पपई तर या पद्धतीत अजिबातच नको. पपईतलं पाचक द्रव्य ६० ते ७० अंशांच्या दरम्यान जोरात काम करतं, आणि मंद भाजणीत मांस नेमकं त्याच तापमानात बराच वेळ काढतं. तंदुरीत जे चालून जातं त्याचा इथे लगदा होतो.

४. वरचा सुका मसाला

हा ओव्हनमध्ये टाकायच्या अगदी आधी. दोन चमचे बेडगी मिरचीची पूड, दोन चमचे धणे-जिरे पूड, अर्धा चमचा हळद, एक चमचा घरचा मसाला. सगळे चहाचे चमचे, आणि कालवायला फक्त दोन चमचे तेल. बेडगी रंगासाठी. तिखट हवं असेल तर ते कातडीखालच्या हिरव्या मिरचीने वाढवा.

घरच्या मसाल्याबद्दल थोडं जपून. मे महिन्यात लालबागला कुटून आणलेला मसाला, मालवणी किंवा आगरी-कोळी मसाला, वांद्र्या-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला, सगळे चालतात आणि प्रत्येकाने कोंबडी वेगळी होते. पण हे मसाले आधीच भाजून कुटलेले असतात. कोरड्या आचेत ते दुसऱ्यांदा भाजले जातात आणि जास्त झाले तर कडवटपणा येतो. म्हणून एकच चमचा. बाजारचं पाकीट असेल तर त्यात मीठ आहे का बघून घ्या. साखर, मध, टोमॅटो सॉस वगैरे काहीही वर लावू नका.

पोटात अर्धं लिंबू, अर्धा कांदा, कोथिंबिरीच्या काड्या आणि दोन तमालपत्रं सैलसर ठेवा. भात, खिमा किंवा बटाटे ठासून भरू नका. पोट गच्च भरलं की आतून गरम हवा फिरत नाही, भाजायचा अंदाज चुकतो आणि आतलं सारण कोंबडी होऊनही अर्धं कच्चं राहतं.

पंखांची टोकं पाठीमागे दुमडा. पायांची टोकं सुती दोऱ्याने सैल बांधा. आवळून बांधल्या की मांड्या छातीला चिकटतात, आणि सांध्यापाशी कच्ची राहण्याचं ते मोठं कारण आहे.

५. ओव्हनवर विश्वास ठेवण्याआधी

मी पहिल्यांदा अशी कोंबडी केली तेव्हा डायल १५० वर होती, दोन तास पूर्ण झाले होते आणि वरून रंग सुंदर आला होता. पाहुणे ताटावर बसल्यावर मांडी उलगडली तर हाडाशी मांस गुलाबी आणि जेलीसारखं. ताटं थांबवून सगळं परत आत टाकावं लागलं, आणि त्या तासाभरात छातीचा भुसा झाला. नंतर ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं की माझ्या ओटीजीची (ओव्हन-टोस्टर-ग्रिलची) डायल १५० दाखवते तेव्हा आत १२५ असतात. घरगुती ओव्हनमध्ये एवढा फरक पडणं अजिबात दुर्मीळ नाही. तो थर्मामीटर काहीशे रुपयांना मिळतो. मांसात खुपसायचा दुसरा थर्मामीटरही घ्या. ही दोन उपकरणं नसतील तर बाकी सगळी काळजी अंधारात जाते.

ओव्हन लावताना:

* जाळी खालच्या खाचेत. कोंबडी आणि वरचा रॉड यांच्यात किमान चार बोटं अंतर हवं. ओटीजी लहान असेल तर किलोच्या आतली कोंबडी घ्या.
* दोन्ही रॉड चालू, १५० अंश. पंखा चालू असेल तर १४०. किमान १५ मिनिटं आधी तापवा. दिवा विझला की झालं असं समजू नका, थर्मामीटर बघा.
* प्लग मोठ्या, १६ अँपियरच्या सॉकेटला. एक्स्टेंशन बोर्डावर दोन-अडीच तास ओटीजी चालवणं धोक्याचं आहे, वायर तापते. ओव्हनची मागची बाजू भिंतीला चिकटू देऊ नका.
* टायमर बघा. बऱ्याच ओटीजीचा टायमर ६० मिनिटांचाच असतो आणि संपला की ओव्हन मुकाट्याने बंद पडतो. तुम्ही बाहेरच्या खोलीत, कोंबडी अर्धी कच्ची गार होत राहते. मोबाइलवर ५० मिनिटांचा गजर लावा आणि टायमर परत फिरवा.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन वापरा, बुटक्या जाळीवर. मायक्रोवेव्ह मिसळणारा कॉम्बो मोड घेतला तर भाजणी मंद राहत नाही.

> सावध: 'मंद' म्हणून १२० च्या खाली जाऊ नका. ५ ते ६० अंशांत जंतू वाढतात. अख्खी कोंबडी त्या पट्ट्यातून लवकर वर निघाली पाहिजे.

६. भाजणं

कोंबडी फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा, जास्त नाही. मेमधल्या मुंबईत तेवढं पुरतं.

जाळीवर छाती वर, पाय ओव्हनच्या मागच्या भिंतीकडे. मागची बाजू सहसा जास्त गरम असते आणि पायांना जास्त आच हवी असते. जाळीखालच्या ट्रेमध्ये जाड कापलेले कांदे, बटाटे आणि अर्धी वाटी पाणी. तूप गळून ट्रे जळू नये एवढ्यापुरतंच ते पाणी. दोन वाट्या ओतल्या तर ओव्हनचा मोदकपात्र होतो आणि कातडी ओली राहते.

पहिला तासभर दार उघडू नका. ओटीजी लहान असतो, दार उघडलं की दहा-पंधरा अंश लगेच जातात. चमच्याने सारखा रस घालत बसायची तर गरजच नाही, त्याने कातडी पुन्हा भिजते. तासाने ट्रे एकदा फिरवा, डावी बाजू उजवीकडे. छातीवर रंग जास्त वेगाने चढत असेल तर तळहाताएवढा फॉइलचा तुकडा नुसता वर टेकवा. संपूर्ण कोंबडी फॉइलने झाकू नका.

१.२ किलोला पावणेदोन ते सव्वादोन तास लागतात. हा अंदाज आहे, निकाल नाही. दीड तासाने तपासायला सुरुवात करा.

७. झाली का, हे कसं ओळखायचं

सगळीकडे लिहिलेलं असतं की मांडीत सुरी खुपसा, रस पारदर्शक आला की झाली. मसाला कोंबडीत ही खूण फसते. वाटणातली कोथिंबीर, वरची हळद-मिरची आणि तूप यांनी रस आधीच रंगलेला असतो. तो लालसर दिसतो म्हणून आपण कोंबडी आणखी तासभर सुकवतो, किंवा पिवळा दिसतो म्हणून कच्ची बाहेर काढतो.

हाडाजवळचा लालसर रंगही एकटा पुरावा नाही. ब्रॉयलर कोवळी असते, तिच्या हाडातला रंग पूर्ण शिजल्यावरही बाहेर झिरपतो.

म्हणून थर्मामीटर. त्याचं टोक मांडीच्या सगळ्यांत जाड भागात, शरीराच्या बाजूने, हाडाला न टेकवता. हाडाला टेकलं तर आकडा चुकीचा येतो. थोडं मागे घ्या, पुन्हा बघा. दोन्ही मांड्या तपासा. छातीच्या जाड भागात ७४ अंश भरले म्हणजे खायला सुरक्षित. मांडीत मात्र ८२ ते ८५ येऊ द्या. ७४ ला मांडी सुरक्षित असते पण दोरीसारखी लागते. तिथले चिवट धागे वरच्या तापमानात विरघळतात, आणि मंद भाजण्याचा सगळा फायदा तिथेच मिळतो.

> तपासा: पायाचं टोक टिश्यूत धरून हलकेच फिरवा. सांधा लोण्यात फिरावा तसा फिरला, हाड मांसापासून सुटं वाटलं, की ती ८५ च्या जवळ आहे. ओढून धरल्यासारखं वाटलं तर आणखी पंधरा मिनिटं. ही खूण आकड्याला जोड म्हणून वापरा, आकड्याऐवजी नको.

८. कातडी कुरकुरीत करणं

१५० वर कातडीखालची चरबी निघून जाते, पण कातडी कडक होत नाही. ते शेवटी, वेगळं करायचं. आणि इथे बहुतेकजण कोंबडी आत ठेवूनच डायल वाढवतात. ओव्हन २२० ला पोचेपर्यंत छाती जास्त शिजून जाते.

कोंबडी बाहेर काढा. ट्रेमधलं पाणी-तूप वाटीत ओतून घ्या, नाहीतर धूर होईल. ओव्हन २२० वर पूर्ण तापू द्या. तोवर कातडीवर ब्रशने चमचाभर तूप लावा. मग वरचा रॉड चालू ठेवून कोंबडी आत, ८ ते १० मिनिटं. या दहा मिनिटांत काचेसमोरून हलायचं नाही. मिरचीचा रंग विटकरीवरून तपकिरी होतो, आणि तपकिरीवरून काळा व्हायला एखादं मिनिट पुरतं. कातडीवर बारीक फोड उठून तडतड ऐकू आली की काढा.

कातडी काढलेलीच कोंबडी मिळाली असेल तर ही पायरी सोडून द्या. तुपाचा हात लावलेल्या केळीच्या पानात गुंडाळून १५० वरच भाजा. रसाळ होते, कुरकुरीत होणार नाही.

९. थांबणं, कापणं, उरलेलं

पंधरा ते वीस मिनिटं जाळीवरच, न झाकता. झाकण घातलं की आपल्याच वाफेने कातडी पाच मिनिटांत मऊ पडते. ताटात ठेवली तर खालची बाजू भिजते.

कापताना आधी दोरा सोडा, मग मांडी बाहेरच्या बाजूला दाबा, सांधा आपोआप उघडतो, तिथेच सुरी. हाडावर घाव घालू नका. छाती मधल्या हाडाच्या एका बाजूने अख्खी सोडवून मग आडवे काप करा, प्रत्येक कापावर कातडी यायला हवी. वाटीत काढलेल्या रसावरचं जास्तीचं तूप काढून त्यात लिंबू पिळा, चव बघा आणि मगच कापांवर घाला. तो खारट असतो. ट्रेमधले बटाटे बाजूला, सोबत पाव.

कच्च्या कोंबडीला वापरलेली सुरी आणि पाट गरम साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय या कामाला घेऊ नका. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरातच, आणि तीन दिवसांत संपवा. सांगाडा टाकू नका. पोटातलं लिंबू काढून टाकून तो कांदा, मिरी आणि लिटरभर पाण्यात तासभर मंद उकळा. गाळलेल्या पाण्यात दुसऱ्या दिवशी मसूर शिजवा किंवा भात टाका.